मधल्या पायरीवर उतरण्याची सोय

मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या बसस्थानकांवर एक दृश्य वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. सकाळची पहिली गाडी खेड्यातून येते, कंडक्टर खाली उतरतो आणि त्याच्यामागून फडक्यात बांधलेले डबे उतरतात. कुणावर ऑइलपेंटने नाव रंगवलेलं, कुणाच्या कडीला लाल चिंधी. पाच-सात पोरं सायकली टेकवून उभी असतात. डबा घ्यायचा, कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायचा आणि खोलीवर जायचं. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी पिठलं. आठवड्यातून एकदा डब्याच्या तळाशी घडी घातलेली नोट.

उच्च शिक्षण स्वस्त कसं करावं यावर देशात अनेक समित्या बसल्या. पण बीड जिल्ह्यापुरतं बोलायचं तर एसटीतून येणाऱ्या त्या डब्याइतकी साधी आणि टिकाऊ योजना दुसरी सापडत नाही. मेसचे पैसे वाचले म्हणजे कॉलेज जमलं, एवढं सरळ गणित होतं ते. त्या गणितातली एक गोष्ट नंतरच्या सगळ्या योजनांना पुरते. पदवीचा खर्च म्हणजे नुसती फी नव्हे. अनुदानित महाविद्यालयात बी.ए.ची फी फारशी कधीच नसते. खर्च असतो खोलीचा, जेवणाचा, येण्याजाण्याचा. आणि सगळ्यांत मोठा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. तो म्हणजे तीन वर्षं घरातले दोन हात कामाला लागत नाहीत, हा.

बीड जिल्ह्याचे तालुके अकरा: बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, शिरूर कासार आणि आष्टी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पंचवीस लाखांवर गेलेली. स्वतःचं विद्यापीठ नाही. बीडची महाविद्यालयं संलग्न आहेत ती छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला. जिल्हा असा पसरलेला की आष्टीच्या माणसाला अहिल्यानगर जवळ आणि परळीच्या माणसाला लातूर. विद्यापीठाची पायरी चढायची तर दोघांनाही दिवस मोडावा लागतो.

हे दूर जाणं जुनंच आहे. निजामाच्या राज्यात पदवी हवी असेल तर हैदराबाद गाठायचं, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकायचं ते उर्दूतून. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९२३ मध्ये इंटरमिजिएट कॉलेज निघालं, पण इंटरच्या पुढे पुन्हा हैदराबादच. अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, १९३५ मध्ये योगेश्वरी शिक्षण संस्था उभी राहिली आणि स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे शिकवलं. तिथून अंबाजोगाईची शिक्षणाचं गाव म्हणून ओळख सुरू झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. त्याचा फायदा कुणाला झाला हे मराठवाड्यातल्या कुठल्याही दलित वस्तीत विचारावं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं आणि मग हळूहळू तालुक्या-तालुक्यात महाविद्यालयं निघाली. कॉलेज घराजवळ आलं. आता प्रश्न उरला तो असा, की या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाताला काय येतं?

त्याआधी कॅलेंडरकडे बघू, कारण बीडमध्ये शिक्षणाचा निम्मा प्रश्न कॅलेंडरचा आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते आणि ती फेडेपर्यंत फड सोडता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की माणसं परततात. म्हणजे पाच-सहा महिने घर बंद. मागे म्हातारी माणसं, आणि जमलं तर शिकणारी पोरं.

यावर आता विद्यापीठाचं वेळापत्रक ठेवून पाहा. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आगेमागे, दुसऱ्या सत्राची मार्च ते मेमध्ये. जायची वेळ एका परीक्षेवर येते, यायची वेळ दुसरीवर. थोरल्या पोराला वसतिगृहात ठेवलं तर धाकट्यांकडे कोण बघणार? थोरल्या पोरीला गावात एकटं ठेवायचं धाडस होत नाही, मग तिचं लग्न तरी उरकतात किंवा तिला कोपीवर स्वयंपाकाला नेतात. ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली ती या दुखण्यावरच. शाळकरी वयात त्या योजनेचा आधार मोठा आहे. पण अठरा वर्षांचं पोर हे घराच्या लेखी अर्धा कोयता असतं. त्याला तीन वर्षं सलग बसवून ठेवणं अनेक घरांना परवडत नाही. अडीच वर्षं काढली आणि शेवटच्या सहा महिन्यांत घरी काही घडलं, की साध्या बी.ए.त अगदी परवापर्यंत हातात राहायची ती बारावीची गुणपत्रिका. अडीच वर्षांची किंमत शून्य.

पदवी स्वस्त आहे की महाग हे इथे ठरतं, असं माझं मत आहे. तीस हजारांची पदवी मध्येच सुटली तर ती फार महाग. पन्नास हजारांची पदवी अशी असेल की एका वर्षानंतर उतरलात तरी हातात चालणारा कागद मिळतो, तर ती स्वस्त. जिना आणि लिफ्ट यांत फरक आहे तो हाच. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की माणूस अडकला. जिन्यावर थांबता येतं, दम खाऊन पुन्हा चढता येतं.

अमेरिकेत हा जिना बांधला कम्युनिटी कॉलेजांनी. इलिनॉय राज्यातलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ चं. गावातल्या हायस्कुलाला जोडूनच दोन वर्षांचं कॉलेज, राहायचं घरी, शिकायचं गावात, उरलेली दोन वर्षं हवी तर मोठ्या विद्यापीठात जाऊन पूर्ण करायची. शंभर वर्षं ही दोन वर्षांची मर्यादा बहुतेक ठिकाणी टिकली. मग काही राज्यांना वाटलं की परिचारिका, दंत-आरोग्य किंवा वाहन-दुरुस्ती व्यवस्थापन यांसाठी माणसाला गाव सोडायला का लावायचं? पूर्ण पदवी इथेच द्या. वेस्ट व्हर्जिनियाने १९८९ मध्ये ती मोकळीक दिली, फ्लोरिडाने २००१ मध्ये, आणि कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये पंधरा कॉलेजांपुरता प्रयोग सुरू केला. तिथे चार वर्षांची सगळी फी मिळून सुमारे दहा हजार डॉलर. अमेरिकेच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे.

भारतात या कल्पनेची सुरुवात दक्षिणेत झाली. १९९५ मध्ये पुदुच्चेरीला आणि पुढच्याच वर्षी चेन्नईला, शाळा-कॉलेजातून गळालेल्या मुलांसाठी. महाराष्ट्रातल्या आणि देशातल्या इतर महाविद्यालयांपर्यंत ती पोहोचली २०१३ नंतर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून. चालू महाविद्यालयाच्याच आवारात कम्युनिटी कॉलेज काढायचं आणि प्रमाणपत्र, पदविका, प्रगत पदविका एवढंच द्यायचं. नावाची मात्र आपल्याकडे पंचाईत झाली. सरकारी मराठीत ते ‘समुदाय महाविद्यालय’. बीडसारख्या जिल्ह्यात ‘कम्युनिटीचं कॉलेज’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘कोणत्या समाजाचं?’ विचारणाऱ्याची चूक नाही. त्याने आजवर बघितलेल्या बहुतेक संस्था कुठल्या ना कुठल्या समाजाच्या, घराण्याच्या किंवा पुढाऱ्याच्याच आहेत.

कम्युनिटी कॉलेज हा जिन्याचा खालचा भाग. वरचा भाग आला फेब्रुवारी २०१४ मध्ये, बी.व्होक. म्हणजे बॅचलर ऑफ व्होकेशन या नावाने. त्याआधी दोनच महिने, डिसेंबर २०१३ मध्ये, केंद्राने कौशल्यांची राष्ट्रीय पातळीवरची उतरंड ठरवली होती. बी.व्होक.ची रचना तिच्यावर बसवली. पहिल्या सहा महिन्यांनंतर प्रमाणपत्र, एका वर्षानंतर पदविका, दोन वर्षांनंतर प्रगत पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. प्रत्येक पायरीवर बाहेर पडायची मुभा आणि काही काळाने परत येऊन पुढची पायरी चढायचीही मुभा.

आत काय शिकवायचं याचीही वाटणी ठरलेली. वर्षाला साठ श्रेयांक. त्यांतले छत्तीस कौशल्याचे, चोवीस सामान्य शिक्षणाचे, म्हणजे भाषा, संवाद, हिशेब, संगणक, पर्यावरण वगैरे. कामाच्या जागी जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण तीस तास. सगळे छत्तीस श्रेयांक हाताने काम करून मिळवायचे म्हटले तर वर्षाला एक हजार ऐंशी तास होतात. रोज सहा तास धरले तर एकशे ऐंशी दिवस. ऊसतोडीचा एक लांबलेला हंगाम म्हणा ना. नुसती वही घेऊन बसणाऱ्या बी.ए.च्या वर्गाला माहीत नसलेली ही गोष्ट आहे, आणि ती नीट पाळली तरच या पदवीला अर्थ आहे.

या जिन्याचा एक मराठी पूर्वजही आहे आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. वेस्ट व्हर्जिनियाने कम्युनिटी कॉलेजला पदवीची परवानगी दिली त्याच वर्षी. मुक्त विद्यापीठाने सुरुवातीच्या काळात बारावी न झालेल्या माणसासाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला. तो पार केला की बी.ए.चा दरवाजा उघडा. शेतीत तर त्याहून पुढचं पाऊल टाकलं. माळी प्रशिक्षण, मग फळबाग उत्पादन, भाजीपाला उत्पादन, फुलशेती अशा पदविका. पुस्तकं मराठीतून, आणि प्रयोगशाळा म्हणजे शेतकऱ्याचा स्वतःचा मळा. बीडच्या तालुक्यांत या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं महाविद्यालयांतच रविवारी चालायची. आठवडाभर दुकानावर, शाळेत शिपाई म्हणून किंवा पोलिसांत नोकरी करणारी माणसं त्या दिवशी बाकावर बसायची. मुक्त विद्यापीठाच्या पदवीला लोकांनी बरीच वर्षं नाकं मुरडली. पण सरकारी नोकरीत बढतीसाठी पदवी लागली तेव्हा त्याच नाक मुरडणाऱ्यांनी रांग लावलेली आहे.

बी.व्होक.ची खरी अडचण जिन्यात नाही, जिना जिथे टेकवायचा त्या भिंतीत आहे. छत्तीस श्रेयांकांचं काम करायचं कुठे? छत्रपती संभाजीनगरात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहती आहेत. तिथल्या विद्यापीठात दीनदयाळ उपाध्याय कौशल केंद्र उघडलं आणि वाहन उद्योग, स्वयंचलन यांकडे वळलं तर त्यात नवल नाही. कारखाना दारातच उभा आहे. बीडमध्ये कारखाना म्हटला की साखरेचा किंवा जिनिंग-प्रेसिंगचा. म्हणून बीडच्या एखाद्या महाविद्यालयाने संभाजीनगरचा अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलला, तर मुलं तिसऱ्या वर्षी ‘इंडस्ट्री व्हिजिट’ या नावाची सहल काढून येतील आणि प्रमाणपत्रावर ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ असं लिहिलेलं असेल. नुकसान मात्र मुलांचं.

पण जिल्ह्यात बघायला लागलं तर कामाच्या जागा सापडतात. परळीला १९७१ पासून औष्णिक वीज केंद्र आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं मोठं रुग्णालय आहे. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृह सहायक, डायलिसिस तंत्रज्ञ यांना लागणारे तास तिथल्या वॉर्डात रोज वाया जातात. बालाघाटाच्या डोंगरकडांवर, पाटोदा-केजच्या बाजूला, पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या देखभालीला उंचावर चढणारी, वीज आणि यंत्र दोन्ही कळणारी माणसं लागतात. ऊसतोडीतही हार्वेस्टर येतो आहे. राज्य सरकार त्याला अनुदान देतं. एक हार्वेस्टर फडात उतरला की अनेक कोयत्यांचं काम जातं, पण त्याचा चालक, त्याचा हायड्रॉलिक्स जाणणारा मेकॅनिक आणि त्याचा हिशेब ठेवणारा माणूस कुठून तरी यायचाच आहे. तो सांगलीहून का यावा?

आणि सीताफळ. मला विचाराल तर बीडच्या बी.व्होक.चं अर्धं पाठ्यपुस्तक सीताफळाच्या एका करंडीत आहे.

बालाघाटच्या खडकाळ, हलक्या जमिनीत ही झाडं फारशी निगा न घेताही येतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरचं. आता त्याचा त्रास बघा. झाडावरून काढलं की तीन-चार दिवसांत पिकतं आणि पिकलं की उद्यावर राहत नाही. शीतगृहात फार थंड ठेवलं तर साल काळवंडते. गर काढला की हवेशी गाठ पडून त्यातलं वितंचक, म्हणजे एन्झाइम, काम सुरू करतं आणि पांढरा गर तपकिरी होतो. ते वितंचक मारायला गर तापवावा तर तो कडू होतो. आंब्याच्या रसाचं जे करता येतं ते सीताफळाचं करता येत नाही. म्हणून बिया वेगळ्या काढून, गर झटपट गोठवून उणे अठरा अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. मग तो आइस्क्रीमवाल्यांना आणि बासुंदीवाल्यांना वर्षभर विकता येतो.

या एका फळात किती विषय आले? वितंचकाचं रसायनशास्त्र आलं. शीतकरण यंत्राची देखभाल आली. अन्नसुरक्षेचे नियम, परवाना, आवेष्टनावर काय छापायचं हे आलं. विजेचं बिल आणि गराचा दर यांचा मेळ आला. मानांकनाचं नाव वापरायचं तर नोंदणी कशी करायची हा कायदा आला. शेतकऱ्याशी आणि मुंबईच्या व्यापाऱ्याशी वेगवेगळ्या भाषेत बोलणं आलं. चोवीस सामान्य श्रेयांकांतला ‘संवादकौशल्य’ नावाचा जो विषय सगळीकडे पाठ करून उरकतात, तो इथे खरा होतो. हा हंगाम येतो नेमका टोळ्या निघायच्या तोंडावर. पंचवीस बायकांना गर काढायच्या कामावर ठेवणारं एक युनिट तालुक्यात चाललं तर पंचवीस घरांना निघायचा विचार निदान महिनाभर पुढे ढकलता येईल. यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही. एका फळाने स्थलांतर थांबत नाही.

आता कडू भाग. आयोगाचं अनुदान ठरावीक मुदतीचं होतं. पैसे आले तेव्हा यंत्रं आली, फलक लागले. मुदत सरली की अभ्यासक्रम चालवायचा तो मुलांच्या फीवर, म्हणजे विनाअनुदानित. मग शिक्षक तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर, आणि फी शेजारच्या अनुदानित बी.ए.पेक्षा जास्त. ‘परवडणारी’ म्हणून काढलेली पदवी आवारातली महागडी पदवी ठरते, हा विनोद अनेक ठिकाणी झाला. शिक्षक टिकला नाही की छत्तीस श्रेयांक पुन्हा वहीत येतात. आईबापांना तर ‘व्होक’ हा शब्दच संशयास्पद वाटतो. सोयरिकीला गेलं की ‘पोरगा काय शिकला?’ या प्रश्नाला ‘बी.व्होक.’ हे उत्तर दोनदा द्यावं लागतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मान्यताप्राप्त विद्यापीठाची बी.व्होक. ही आयोगाच्या पदव्यांच्या यादीतली पदवी आहे. ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ एवढीच अट असलेल्या स्पर्धा परीक्षेला ती चालते. बीडमध्ये याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. इथली निम्मी अभ्यासिका फौजदार व्हायला बसलेली असते. अडचण दुसरीकडे येते. एम.एस्सी.ला जायचं तर अनेक ठिकाणी त्याच विषयाची बी.एस्सी. मागतात, आणि बी.एड.च्या पात्रतेतही विषयाचा घोळ निघतो. शिक्षक व्हायचं डोक्यात असेल तर हा जिना चढण्यापूर्वी तो वर कुठे निघतो ते पाहून घ्यावं.

२०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यात बी.व्होक.ने दहा वर्षं जे छोट्या प्रमाणावर केलं तेच साध्या बी.ए., बी.कॉम.मध्ये आणलं आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी चार श्रेयांकांचं कौशल्याचं काम जास्तीचं करावं लागतं. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची. मिळवलेले श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या श्रेयांक-बँकेत जमा राहतात. बँक हा शब्द चांगला निवडला आहे. ज्या घराने आजवर फक्त उचल बघितली, त्या घरातल्या मुलाच्या नावावर काही तरी जमेला आहे.

शिकता शिकता पैसे मिळण्याची वाटही रुंदावते आहे. महाराष्ट्राला ती नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’ याच पायावर, आणि त्या योजनेचं नाव आज अनेक विद्यापीठांत चालतं. आता शिकाऊ उमेदवारी पदवीच्याच आत गुंफण्याची सोय आयोगाने केली आहे. तीन वर्षांच्या पदवीतली एक ते तीन सत्रं थेट आस्थापनेत काढायची. २०१९ च्या नियमांत पदवीच्या शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिन्याला ९ हजार रुपये ठरलं होतं. अडचण परत तीच. आस्थापना जिल्ह्यात नसेल तर नऊ हजारांतले निम्मे संभाजीनगरच्या किंवा पुण्याच्या खोलीभाड्यात जातात. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. कित्येक दशकं वाट बघून. तिने जाणं स्वस्त झालं, पण रोज जाऊन यावं इतकी ती वेगवान नाही.

शिष्यवृत्त्यांचं जाळं मोठं आहे आणि गुंताही तेवढाच. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त आणि इतर मागास वर्गांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना. घराबाहेर राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. सगळं महाडीबीटीच्या एका संकेतस्थळावर. पण कुठल्या योजनेत कुठला अभ्यासक्रम बसतो हे अभ्यासक्रमागणिक बदलतं, आणि विनाअनुदानित नवा अभ्यासक्रम यादीत आहे की नाही हे प्रवेश घेण्यापूर्वी बघावं लागतं, नंतर नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं खातं. आईवडील फडात असताना दाखल्यावर सही कुणाची घ्यायची, हा प्रश्न ज्याने योजना लिहिली त्याला सुचलेला नसतो. त्या मानाने एसटी सरळ. विद्यार्थ्याला पासात दोन तृतीयांश सवलत, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. मुलीला कॉलेजात पाठवायचं की नाही यावर घरात वाद चालू असतो, तेव्हा अर्ध्या तिकिटाचा मुद्दा आईच्या बाजूने पडतो.

समजा, वडवणीजवळच्या एका गावातली मुलगी आहे. बारावी झालेली, विज्ञान शाखा, टक्के बेताचे. थोरला भाऊ टोळीत, धाकटा आठवीत. जूनचा शेवट. निकालाचा कागद हातात आहे. कॉलेजचे प्रवेश जूनच्या शेवटी आणि जुलैत, आणि मुकादमाची ये-जा सुरू होते तीही पावसाळ्यातच. एका बाजूला फी भरायची मुदत, दुसऱ्या बाजूला उचलीची रक्कम. दोन्ही हिशेब एकाच ओसरीवर, एकाच आठवड्यात होतात. वडील म्हणतात, ‘बाई, तीन वर्षं म्हंजी लई झाली.’ तिच्याजवळ उत्तर असायला हवं ते तीन वर्षांचं नको, एका वर्षाचं हवं.

म्हणून ती कॉलेजच्या खिडकीवर जाते तेव्हा तिने फी सगळ्यांत शेवटी विचारावी. आधी विचारावं की पदवी कोणत्या विद्यापीठाची. मग, कामाचे तास कुठे भरायचे? रुग्णालय, कारखाना, प्रक्रिया युनिट, जे असेल त्याचं नाव सांगा. मागच्या वर्षीची मुलं तिथे किती दिवस गेली? त्यांतलं एखादं पोर गाठून बोलता येईल का? शिकवणारे सर मागच्या वर्षी होते तेच आहेत का? शिष्यवृत्तीच्या यादीत हा अभ्यासक्रम कुठल्या नावाने आहे? श्रेयांक-बँकेत खातं कोण काढून देणार?

आणि मग खिडकीच्या जाळीला नाक लावून, मागची रांग ढकलत असताना, विचारावं: ‘सर, पुढच्या दिवाळीनंतर मला घरच्यांसोबत जावं लागलं, तर तोवरच्या शिक्षणाचा कागद कोणता मिळेल? आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी आले तर मला कितव्या वर्गात बसवाल?’

खिडकीतला कारकून बहुतेक वर बघेल. हा प्रश्न त्याला रोज कुणी विचारत नाही. कदाचित तो आत जाऊन प्राचार्यांना विचारून येईल. उत्तर त्याच्याकडून लेखी घ्यावं.